डोलू नये अशी गाणी

(रेडिओ स्टेशन. मध्ये काच. काचेच्या एका बाजूला माइकपाशी निवेदक; त्याला सगळे पोपट म्हणतात. दुसऱ्या बाजूला संगणकासमोर दिवसभराच्या गाण्यांची रांग लावणाऱ्या ताई, कानाला फोन. दुपार, बाहेर सोसाट्याचा वारा.)

पोपट: ताई, गाणं संपत आलंय आणि पुढची रांग तुम्ही पुसून टाकलीत! आता मी काय शीळ घालू?

ताई: थांब जरा, फोनवर आहे. हां, बोला. पुढची गाणी काढा म्हणालात, मधलं नीट ऐकू आलं नाही. सावकाश सांगा.

इंजिनियर: मॅडम, मी रोपवेचा इंजिनियर. वाऱ्यानं विजेची तार तुटली, मोठी मोटर बसली. नऊ ट्रॉल्या मध्येच लटकल्यात. खाली सगळी दरी.

ताई: माणसं आहेत आत?

इंजिनियर: सगळ्यांत. आमच्याकडे डिझेलचं जुनं इंजिन आहे. त्यावर एकेक ट्रॉली ओढून घेऊ. पण ते म्हाताऱ्या बैलासारखं चालतं, वेळ खाणार. आणि आतल्या लोकांना हे सांगायची सोय नाही. आमची बोलायची लाइन विजेबरोबर मेली, दरीत मोबाइलला रेंज नाही.

ताई: मग मला फोन कशासाठी?

इंजिनियर: ट्रॉलीत करमणुकीला तुमचं स्टेशन लावलेलं असतं ना! तो रेडिओ बॅटरीवर चालतो. आमचा आवाज पोचत नाही, तुमचा पोचतोय. आणि आत्ता तुम्ही जो धांगडधिंगा लावलाय ना, त्यावर पिवळ्या ट्रॉलीतली पोरं नाचायला लागलीत. मी दुर्बिणीतून बघतोय. आधीच वाऱ्यानं हेलकावे, त्यात यांच्या उड्या. आत्ता खांबाला घासता घासता वाचली.

ताई: पोपट, गाणं खाली घे.

पोपट: अजून एक कडवं आहे.

ताई: खाली घे म्हणते ना! हळूहळू, झटका देऊ नकोस. माइक उघड आणि सांग, रोपवेत अडकलेल्यांनी बसून राहावं, एकेक ट्रॉली ओढून घेताहेत, थोडा वेळ लागेल. साध्या आवाजात. बाजारभाव सांगतोस तसं.

पोपट: रोपवेत अडकलेत? कोण अडकलेत?

ताई: माइक, पोपट.

पोपट, माइकवर: नमस्कार मंडळी. रोपवेत बसलेल्या आपल्या श्रोत्यांसाठी निरोप आहे. वीज गेल्यामुळे ट्रॉल्या थांबल्यात. इंजिनियरसाहेब दुसऱ्या इंजिनानं तुम्हाला एकेक करून आणताहेत. वेळ लागेल, पण आणताहेत. तेवढा वेळ जागेवर बसून राहायचं, उभं राहायचं नाही, हलायचं नाही. मी इथेच आहे, कुठे जात नाही. आता ऐकू या... आता ऐकू या एक गाणं.

ताई: मी लावलंय. सोड.

पोपट: ताई, हे काय लावलंत, कुणाचं लग्न जमल्याचं गाणं? अशा वेळी? ती गंभीर व्हायोलिनची फीत असते ना आपल्याकडे, ती लावू या.

ताई: ती आपण कधी लावतो?

पोपट: कुणी मोठं माणूस गेल्यावर.

ताई: मग? आपण मेलो, असंच त्यांना वाटेल. आपल्या आधी रेडिओला कळलं म्हणून दारं उघडतील.

पोपट: बरं, मग काहीच नको. अधूनमधून बोलतो मी.

ताई: मुका रेडिओ त्याहून वाईट. वाऱ्याचा आवाज ऐकत बसतील. गाणं हवंच. बोलता बोलता भाजी निवडावी तसलं. ठेका नको, टाळ्या नकोत, रडं नको. मी शोधते, तू शब्द ऐक.

पोपट: हे? यात ‘उंच आभाळी’ आहे.

ताई: काढ.

पोपट: यात झोका.

ताई: काढ, काढ!

पोपट: हे शांत आहे हो... नाही, दुसऱ्या कडव्यात निरोप घेतात. ताई, गीतकारांना वारा, आभाळ आणि निरोप सोडून दुसरं काही सुचतच नव्हतं का?

ताई: भांडी घासण्यावर कुणी गाणं लिहीत नाही, हेच दुखणं आहे आपलं. ते जुनं अंगणातलं बघ.

पोपट: हां, हे चालेल. तुळतुळीत आहे. त्याच्यानंतर मुलांचं बेडकाचं होतं ना रांगेत, ते राहू दे. गोड आहे.

ताई: ते मी आधीच काढलं.

पोपट: का? त्यात ना वारा ना आभाळ. बिचारा बेडूक.

ताई: त्यावर मुलं उड्या मारतात.

पोपट: सगळी कुठे मारतात!

ताई: एक जरी मारली तरी पुरे आहे ना? पुढचं बघ.

पोपट: ओरडता कशाला? बरं... ताई! ताई, गाण्यामागून जाहिरात येतेय! दोरखंडाची! ‘लटका बिनधास्त’ म्हणून!

ताई: दाब, लाल बटण दाब!

पोपट: दाबलं. दाबलं. गेली का बाहेर?

ताई: नाही. ‘ल’सुद्धा गेला नाही. सगळ्या जाहिराती बंद करते. साहेब ओरडले तर माझ्यावर ढकल.

पोपट: तुम्ही डोळे चोळताय.

ताई: एसीची हवा आहे.

पोपट: एसी सकाळपासून बंद आहे, ताई.

इंजिनियर: मॅडम, लाइनवर आहात ना?

ताई: आहे, आहे. फोन ठेवलाच नाहीये. स्पीकरवर टाकते, पोपटलाही ऐकू येऊ दे.

इंजिनियर: पिवळी बसली खाली. पोरं आता गुडघे पोटाशी घेऊन बसलीत. छान चाललंय, असंच चालू ठेवा. पहिली ट्रॉली आली आमच्याकडे. दुसरी निघालीय.

ताई: कुठल्या रंगाची?

इंजिनियर: हिरवी. का हो?

ताई: सहज विचारलं.

पोपट: ताई, तुम्ही जरा पाणी प्या. पुढची तीन गाणी लागलीत रांगेत, मी बघतो.

ताई: तू शब्द बघशील, ताल बघणार नाहीस. मला बघू दे.

इंजिनियर: मॅडम! निळ्या ट्रॉलीत गडबड आहे. एक माणूस उभा राहिलाय. दार ओढतोय, अर्धं उघडलंय. धट्टाकट्टा दिसतोय, दार निघेल त्याच्यानं. बहुतेक तारेला धरून खांबापर्यंत जाऊ म्हणतोय. वेड लागलंय त्याला, हात ठेवल्या ठेवल्या सुटतील!

ताई: आत आणखी कोण आहे?

इंजिनियर: एक म्हातारी बाई आहे, मागनं त्याचा शर्ट धरून ओढतेय. आणि एक लहान मुलगी. खिडकीशी. लाल टोपीवाली.

ताई: टोपीला गोंडा आहे?

इंजिनियर: काय?

ताई: गोंडा. पांढरा, मोठा. टोपीला.

इंजिनियर: थांबा, फिरवतो दुर्बीण. हो. आहे गोंडा. मॅडम, तुम्हाला कसं...

पोपट: ताई, खाली बसा. खाली बसा आधी. कोण आहे?

ताई: चिमी आहे माझी. आणि सासूबाई. स्टेशनला पास आले होते ना रोपवेचे, मीच दिले त्यांना आज. सासूबाई नको नको म्हणत होत्या, मला उंचावर गरगरतं म्हणत होत्या. मी म्हटलं, जा हो, तेवढीच मोकळी हवा.

पोपट: आणि इतका वेळ तुम्ही गाणी निवडत बसलात? या इकडे. माइक घ्या. तुम्हीच बोला त्यांच्याशी.

ताई: नको!

पोपट: अहो, तुमचा आवाज ऐकून त्यांना धीर येईल.

ताई: सासूबाईंना येईल. चिमी काय करेल, ठाऊक आहे? आईचा आवाज आला की ती दाराकडे धावते. रोज संध्याकाळी मी जिन्यात खाकरले तरी धावते. आत्ता त्या दाराशी तो माणूस आहे आणि दार अर्धं उघडलंय. मी तोंडातून ब्र काढायची नाही. तूच बोल.

पोपट: मी काय बोलू? मला जोक सांगता येतात, ताई. लोकांचे वाढदिवस सांगता येतात.

ताई: माइक उघड.

पोपट, माइकवर: अहो निळ्या ट्रॉलीतले! ते दार सोडा! सोडा म्हणतो ना, खाली दरी आहे, मराल...

ताई: बंद कर! बंद कर माइक! असं ओरडतात? तो आधीच भेदरलाय.

इंजिनियर: दचकला तो. आणखी जोरानं ओढतोय.

पोपट: मला जमत नाही, ताई. माझ्यामुळे काही झालं तर?

ताई: माझ्याकडे बघ. काचेतून बघ माझ्याकडे. त्याला काही करू नको म्हणून नको सांगूस. भ्यालेल्या माणसाला नुसतं बसवत नाही. त्याला काम दे.

पोपट: कसलं काम?

ताई: दार राखायचं काम. सांग त्याला, आत एक लेकरू आहे, दाराकडे जाईल, तू पाठ लावून बस. तूच आहेस तिथे ताकदीचा. अजिजीनं सांग. थोरल्या भावाला सांगतोस तसं.

पोपट, माइकवर: दादा... निळ्या ट्रॉलीतले दादा. आत्ता ओरडलो, चुकलं माझं. मीही घाबरलोय. तुमच्याकडे एक काम होतं. तुमच्या ट्रॉलीत एक छोटी मुलगी आहे, लाल टोपीची. लहान आहे, तिला काय कळतंय, उठेल आणि दाराकडे जाईल. आजींच्यानं ती आवरायची नाही. तुमच्यासारखा दणकट माणूस तिथे दुसरा नाही. दार लावून घ्या आणि दाराला पाठ टेकून खाली बसा. एवढं कराल? तुम्ही बसलात की त्या दाराशी कुणाला जाता येणार नाही. इंजिनियरसाहेब तुमच्याकडे बघताहेत. मी इकडे वाट बघतोय, दादा.

ताई: काय करतोय तो? बोला ना हो! काय करतोय?

इंजिनियर: उभा आहे तसाच. मुलीकडे बघतोय... दार... लावतोय. लावलं. बसतोय खाली. बसला! पाठ लावून बसला.

ताई: शर्ट?

इंजिनियर: कसला शर्ट?

ताई: सासूबाईंनी सोडला का शर्ट?

इंजिनियर: नाही. अजून धरूनच बसल्यात.

पोपट: ताई, पुढचं गाणं. लवकर. मला आता बोलवणार नाही.

ताई: पाळणा लाव.

पोपट: कुठला पाळणा?

ताई: अंगाईचा रे. रात्रीच्या कप्प्यात आहेत चार.

पोपट: भर दुपारी? संगणक घेणार नाही. बघा, लाल दाखवतोय. म्हणतो, रात्रीशिवाय नाही.

ताई: त्याचे नियम मीच घातलेत, मीच मोडते.  हे बघ, गेला. आता चारही एकामागून एक लावते.

पोपट: चार? शहरातली सगळी दुकानं झोपतील.

ताई: झोपू देत.

पोपट: ताई, एक सांगू? तुम्ही निघा. माझी मोटरसायकल खाली आहे, शिपाई सोडेल तुम्हाला. तुम्ही पोचेपर्यंत त्या खाली येतील.

ताई: आणि पाळणे संपल्यावर?

पोपट: मी लावेन काहीतरी.

ताई: तू भला माणूस आहेस. पण तुला ‘झोका’ ऐकू येतो, ठेका ऐकू येत नाही. मी तिथे जाऊन काय करणार, मान वर करून बघत राहणार. इथे निदान हाताला काम आहे. नवरा जहाजावर, त्याला कळवायचीसुद्धा सोय नाही. इथेच बसू दे मला.

इंजिनियर: मॅडम, पिवळी आली बरं का. एका पोराचं मनगट सुजलंय, बाकी धडधाकट. आता मधल्या ओढतोय.

ताई: निळी कितवी?

इंजिनियर: सगळ्यांत शेवटची.

ताई: आधी नाही का घेता येणार? लहान मूल आहे हो.

इंजिनियर: तार एकच आहे, मॅडम. ज्या ओळीनं टांगल्यात त्याच ओळीनं येणार. माझी स्वतःची आई असती तरी...

ताई: कळतं मला. माफ करा. विचारल्याशिवाय राहवलं नाही.

पोपट: दुसरा पाळणा सुरू झाला. ताई, तुम्ही ओठ हलवताय.

ताई: मला पाठ आहेत सगळे.

इंजिनियर: थांबा, थांबा. इंजिन बंद पडलं.

ताई: म्हणजे?

इंजिनियर: तापलंय. पाणी घालताहेत. निळी खांब ओलांडून आलीय, शेवटच्या टप्प्यात आहे. वारा वाढलाय. बोलू नका जरा, मला तिकडे ओरडायचंय.

पोपट: ताई, मी पुन्हा बोलू का? त्यांना सांगू का, इंजिन तापलंय म्हणून?

ताई: खोटं नको, पण सगळंही नको. गाण्याच्या मागून हळूच म्हण, मी आहे इथे. तेवढंच.

पोपट, माइकवर: मी आहे इथे, मंडळी. दादा, तुम्ही मोठं काम करताय. बसून राहा. अजून दोन पाळणे आहेत आपल्याकडे.

ताई: शाब्बास.

पोपट: ताई, इंजिन चालू झालं का?

ताई: वाऱ्याचा आवाज येतोय. माणसांचा येत नाही. पोपट, मला काही सुचत नाहीये. चौथ्यानंतर काय लावू? एवढी वर्षं गाणी लावतेय, आणि एक आठवत नाहीये.

पोपट: चौथा पुन्हा लावा. पुन्हा पुन्हा लावा. मला खरंच झोप येतेय त्यानं, एवढा घाबरलेला असून.

ताई: हो. तोच लावते.

इंजिनियर: मॅडम! चालू झालं इंजिन! येतेय, हळूहळू येतेय... आमची कामावरची पोरं हात पुढे करून उभी आहेत... टेकली. टेकली, मॅडम! दार उघडतोय तो माणूस. थांबा, फोन देतो. अहो आजी, इकडे या, तुमच्या सूनबाई आहेत फोनवर! अहो, तो शर्ट सोडा आता!

पोपट: घ्या ताई, पुसा डोळे. कसली ही एसीची हवा!

सासूबाई: हॅलो?

ताई: आई! आई, बऱ्या आहात ना? लागलं नाही ना कुठे? चिमी कुठाय?

सासूबाई: मी बरी आहे गं. त्या बिचाऱ्याचा शर्ट मात्र पार फाटला माझ्या हातून. त्याला घरी बोलावलंय मी, शिवून देते म्हटलं.

ताई: आई, चिमीला द्या ना फोन! चिमी! चिमे, ऐकतेस ना?

सासूबाई: हळू बोल गं. आत्ताच डोळा लागलाय तिचा.