मामाला विचारतात का?

हसताय काय, अजून डोकं फिरतं माझं! दुकानात माल भरताना गिऱ्हाइकाला आधी विचारावं, तसं मी पोरीच्या लग्नाआधी सगळ्यांना मोबाईलवर मेसेज टाकून विचारलं, "येणार की नाही?" कर्जतच्या सख्ख्या मेहुण्यानं चक्क "नाही" दाबलं! मामाशिवाय पोरीला मांडवात आणणार कोण? तणतणत त्याचं घर गाठलं.

"लाज नाही वाटत?"

"तुमाला वाटती का, दाजी? मामाला इचारत्यात व्हय, येनार का म्हून? मामाला 'चल' म्हनत्यात!"

"बरं बाबा, चल!"

"आता येकटा न्हाई येत. आख्खी भावकी आनतो. बसा मोजत!"

आणली की टेम्पो भरून! दोनदा भात टाकावा लागला, आणि वर हाच वाढप्यांवर ओरडतोय, "भाचीचं लगीन हाय माझ्या, हात आखडू नका!"