बंद आणि थांबलं

मी, वय २३ वर्षे, शिक्षण नववी, धंदा पत्र्याच्या कारखान्यात मदतनीस, राहणार कारखान्यामागील खोली क्र. ६, समक्ष हजर राहून जबाब देतो की,

दिनांक ९/२/२०१६ रोजी सकाळी ९.४० वाजता मी तीन नंबरच्या प्रेसमधून निघालेली डब्यांची झाकणे मोजत होतो. प्रेस माझे सख्खे मामा चालवीत होते. ते मला "मोजणी खात्याचे साहेब" म्हणतात. एकवीस वर्षे प्रेसजवळ राहिल्याने त्यांना कमी ऐकू येते.

एक झाकण साच्यात अडकले. मामांनी मला वीज बंद करायचे बटण दाबायला सांगितले. मी दाबले. बटण दाबल्यावरही प्रेसचे मोठे चाक अंगच्या जोराने फिरत राहते. मी घड्याळ लावून पाहिले आहे, एक मिनिट चाळीस सेकंद. तेवढ्यात पायपट्टी दाबली गेली तर ठोका वीज असल्यासारखाच पडतो. म्हणून आमच्यात बटण दाबले की 'बंद' म्हणतात आणि चाक उभे राहिले की 'थांबलं'. हे मला मामांनीच शिकविले.

मामांनी विचारले, "थांबलं का रे?" मी म्हणालो, "हो मामा, बंद केलं." त्यांनी साच्यात उजवा हात घातला. वाकताना त्यांचा पाय पट्टीवर पडला. चार बोटे गेली. अंगठा आहे.

मी त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेले. पावणेबारा वाजता त्याच प्रेसवर दुसरा माणूस बसविल्याचे मला नंतर समजले.

मालक दवाखान्यात आले. म्हणाले, "तू बंद म्हणालास, एवढंच सांग. चूक ऐकणाऱ्याची." मामी म्हणाली, "अहो शेठ, मग आम्हाला भरपाई कसली मिळणार?" मामा शुद्धीवर होते. ते मला म्हणाले, "तो 'हो' कशाला सांगतोस? मला तर ऐकूच आला नाही. घरात एक तरी धड हात कमावता राहू दे." मामी भिंतीकडे बघत राहिली.

मामांना 'हो' ऐकू आला होता. ऐकूनच त्यांनी मान हलविली, ती मी पाहिली.

माझा कोणावर संशय नाही. वरील जबाब मला वाचून दाखविला. पहिल्या वाचनात 'हो' हा शब्द राहून गेला होता. तो माझ्या सांगण्यावरून घातला आहे. आता मजकूर मी सांगितल्याबरहुकूम आहे.