स्वयंपाकघरातून ऐकलेली चक्रं

— नाही नाही, पत्ता बरोबर आहे तुमचा, दिवसही बरोबर आहे, फक्त बाईच घरात नाहीयेत. सासूबाई माझ्या. दाढ काढायला गेल्यात — सकाळी अचानक ठणकायला लागली, सासरे घेऊन गेले — आणि बाकी सगळ्यांना निरोप गेला वर्ग नाही म्हणून, पण तुम्ही आजच नव्याने येणार, तुमचा नंबर कुणाकडे असणार? या, आत या. दोन बस बदलून यायचं आणि दारातूनच परत जायचं म्हणजे — पाणी तरी प्या. तिथे नको, तो कोपरा सासूबाईंचा. ही हिरवी उशी घ्या. अभ्रे मी शिवलेत, सात रंगांचे. लग्न होऊन आले तेव्हा पहिलं काम हेच मिळालं. शेवटच्या दोन जांभळ्यांत फरक काय ते मला अजून कळलेलं नाही, इथे येणाऱ्यांनाही कळत नसावं, पण कुणी बोलत नाही.

मी? छे, मी कुठली शिकवते. मी शिकलेसुद्धा नाही. ऐकलंय, त्या दाराच्या पलीकडून. वर्ग चालू असताना मिक्सर लावायचा नाही, कुकर चढवायचा नाही, नळ बारीक सोडायचा — म्हणून मी तेवढा वेळ मटार सोलत बसते. फ्रीजर उघडून बघा, मटारच मटार. आणि हात गुंतले तरी कान रिकामेच ना? सगळं पाठ झालंय. सांगू? पहिल्या दिवशी सांगतात तेवढं सांगते, म्हणजे तुमची फेरी फुकट नको जायला. झोप लागत नाही म्हणालात ना? बहुतेक जणी झोपेसाठीच येतात. तर आधी हे, की घाबरायचं नाही. चक्र म्हणजे काही मणक्यात फिरणारं चाक नव्हे, एक्स-रेत दिसत नाही, आणि दुखलं-खुपलं तर डॉक्टरकडेच जायचं — बघा ना, बाई स्वतः आज कुठे गेल्यात. त्या म्हणतात, शरीरातल्या सात जागा धरायच्या, तिथे हात ठेवायचा आणि स्वतःला एकेक प्रश्न विचारायचा. संपलं. पाकळ्या, मंत्र, ते सगळं पुढचं.

पहिलं मूलाधार. पाठीचा कणा संपतो तिथे. नीट टेकून बसा — हं, असं. आता विचारायचं, मी जिथे बसलेय तिथे निर्धास्त आहे का? मोठ्याने नाही सांगायचं, मनात. हा प्रश्न विचारताना सासूबाईंचा आवाज फार सुंदर होतो हो. मग एकेकीला नावाने विचारतात, "आज कसं वाटतंय तुला?" — आणि थांबतात. खरंच थांबतात, पुढचं बोलायची घाई नसते. त्यामुळे मग मी पण देते उत्तर. आत. मटारांना. हसताय? हसा, मलाही हसू येतं. "आज बरंय," असं म्हणते बहुतेक वेळा. एकदा "आज घर मोठं वाटतंय" असं म्हणून गेले आणि इकडे हॉलमध्ये नेमकं सगळं शांत. मला वाटलं, ऐकलं की काय कुणी. नाही ऐकलं. — नाही हो, वाईट वागवतात असं नका समजू. स्वभावाने चांगल्या आहेत. फक्त वर्ग संपला की तो आवाज उशांबरोबर कपाटात जातो. मग "कपडे आणलेस का वरून", "दूध बघ गं". त्यातही माया असेलच. पण उत्तरासाठी कुणी थांबत नाही, कारण त्यात विचारलेलं काही नसतं.

दुसरं ओटीपोटापाशी, स्वाधिष्ठान. त्याचा प्रश्न, मला काय आवडतं? सोपा वाटतो ना! मला विचारला — म्हणजे दाराने विचारला — तेव्हा आतून उत्तर आलं, "काहीही चालेल." पाहुण्यांचं उत्तर ते. काहीही चालेल, थोडंच वाढा, राहू दे मी घेते. आपण कुणाकडे चार दिवस राहायला गेलो की कसं बोलतो, तसं. तर तुमचं असं उत्तर आलं तर पुन्हा विचारायचं, असं बाई सांगतात. मी नाही विचारलं पुन्हा.

तिसरं मणिपूर, बेंबीपाशी. ते — ते राहू दे. चौथ्याकडे जाऊ. का म्हणजे, तसंच. बरं, त्याचा प्रश्न असा, की माझं मी काय ठरवलं? आता तुम्ही बँकेत काम करता म्हणालात, दिवसभर सह्या करत असाल, तुम्हाला सोपं. माझं काय आहे — नवरा लांब असतो, कारखान्यात. तिथे चौघांत एक खोली, म्हणून मी इथे. तर आता कंपनीचं क्वार्टर रिकामं झालंय. रविवारी त्याचा फोन आला, आमच्याकडे फोन नेहमी स्पीकरवर, चहाच्या कपांच्या मधोमध. म्हणाला, "दोन खोल्या मिळतायत. आपण राहायला जाऊ या का?" माझ्या हातात बशी होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आपण कसे येणार रे तिकडे? माझा वर्ग, ह्यांचे गुडघे. आम्ही इथे बरे." तो जरा थांबला. मग म्हणाला, "बरं, शुक्रवारपर्यंत ऑफिसात कळवायचंय. नाहीतर नाही सांगून टाकतो." आणि मग गुडघ्यांवरच बोलणं गेलं.

तेव्हापासून मी तेवढंच सोलत बसलेय. बघा ना — आम्ही म्हणजे समोरच्याला सोडून, आपण म्हणजे समोरच्याला धरून. किती चांगली सोय आहे. पण स्पीकरवर समोर तिघं असतात हो! त्याने कुणाला धरलं? आईवडिलांना धरलं असेल तर विषय संपला. आणि मला एकटीलाच विचारलं असेल तर — मी बशी घेऊन आत निघून गेले, हेच माझं उत्तर झालं. आणि "आम्ही इथे बरे", त्यात मी आहे की नाही, ते तर मी विचारातच घेत नाही. साधं विचारता येत नाही का, म्हणाल. फोन येतो रोज, पण बोलणार काय, त्याला अहो म्हणायचं की अरे तेच अजून ठरलेलं नाही, मी आपली बिनकर्त्याची वाक्यं करते — जेवण झालं? झोप झाली? पाऊस आहे का तिकडे? हवामान खात्याची बाई वाटत असेन त्याला.

शुक्रवार? आजच की. आत्ता जेवणाची सुट्टी झाली असेल त्यांची, कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, तेवढाच वेळ तो लॉकरमधून बाहेर असतो. नंतर नवरा ऑफिसात नाही सांगायला जाणार.

पुढचं ऐका. चौथं अनाहत, छातीपाशी, आणि पाचवं विशुद्ध, गळ्यात, आणि तिथे विचारायचं, की बोलायचं काय राहिलंय — तुम्ही घड्याळाकडे का बघताय? — नाही, माझ्याकडे बघताय. खरं सांगू का, तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा फोन हातातच होता माझ्या. घरात कुणी नाही, असं पुन्हा कधी होणार? नंबर काढला होता. बेल वाजली आणि मला इतकं बरं वाटलं, सुटले म्हटलं. तुमच्या दोन बसचं नुसतं निमित्त, मी माझ्यासाठीच बसवून घेतलं तुम्हाला. पाणीसुद्धा दिलं नाही शेवटी.

वरची दोन मला येत नाहीत. त्या वेळी सगळ्या डोळे मिटून गप्प असतात, दाराला काय ऐकू येणार? ती बाई सांगतील, सूज उतरली की. तुम्ही उठा आता. नाही, सोबतीला नका थांबू, तुम्ही समोर असलात तर मी चक्रंच सांगत बसेन. दार ओढून घ्या, आपोआप लागतं. — जा ना, ताई. रिंग जातेय.

हॅलो — हो, मीच. नाही, आई नाहीयेत. स्पीकरवर नाही. सगळे बरे आहेत, काही झालेलं नाही. ऐक ना. रविवारी तू 'आपण' म्हणालास, त्यात मी होते का?