शेजारच्या बिल्डिंगचं गेट

संसदीय पद्धत बरी का अध्यक्षीय, हे मले विचारूच नका गा. प्रताप नगरातल्या आमच्या बिल्डिंगचा मी चेअरमन होतो, पण कमिटीनं निवडलेला. दोन मेंबर रुसले का खुर्ची हलली. साधं गेट रंगवायचं तरी सगळ्यायले चहा पाजा. शेजारच्या बिल्डिंगचा चेअरमन मात्र लोकांनी थेट निवडलेला. त्यानं म्हटलं का गेट रंगलं! मी नुसता जळून राहिलो होतो.

शेवटी मीटिंगमधे म्हटलं, "आपणही थेट निवडू. मग पाच वर्षं त्याले कोणी पाडायचं नाही."

सगळे तयार झाले, अन् निवडून आला वरचा ढोबळे. आठवड्यात गेट रंगवलं.

बायकोले म्हटलं, "याले पाडतोच."

"ते तर तुम्हीच बंद केलं," ती म्हणाली. "अन् गेट मस्त दिसून राहिलं."