साहेब झोळीत लटकले तेव्हा

हॅलो?… कोण?… अगं तू होय! बोल पोरी, बोल… आई? आहे की. मला मटार सोलायला बसवलंय आणि स्वतः बघत बसलीय… हो, सांगतो… ती विचारतेय, जेवलीस का?… नाही जेवली गं ती!… हे बघा, माझ्यामार्फत भांडू नका दोघी. आणि तुझा आवाज का असा चढलाय?

काय?… थांब, थांब. सावकाश. तुमचा मॅनेजर काय म्हणाला?… "कंबर धरून बसणाऱ्या मावश्या मला नकोत, बाहेर छप्पन्न मिळतील"?… असं म्हणाला? तोंडावर?… अच्छा, शिपायाला म्हणाला, आणि तुमच्यापैकी कोणीतरी फोनमध्ये धरलं… हं… आणि उद्या सकाळी मीटिंग आहे, तुमच्या वॉर्डातल्या त्या कंबर दुखावलेल्या मावशीला ठेवायचं की घरी बसवायचं त्याची… आणि तू युनियनची सेक्रेटरी, म्हणून व्हिडिओ आता तुझ्या हातात… आज सगळीकडे पाठवणार?

ऐक. एक गोष्ट सांगतो… अगं ऐक ना! भाषण नाही, गोष्ट. जन्मभर युनियनचा झेंडा धरला तुझ्या बापाने. मी मॅनेजरची बाजू घेईन का?… मग? कान इकडे कर.

आमच्या हॉस्पिटलचे साहेब झोळीत लटकले होते, ती गोष्ट… नाही, तुला माहीत नाही. तू तेव्हा नर्सिंग शिकायला बाहेर होतीस. पैलवानकाका आठवतो?… तोच, माझा जोडीदार. स्ट्रेचरचं पुढचं टोक त्याचं, मागचं माझं. पुढे चालताना अखंड बडबड, मागे मी हुं हुं करत… तर त्याची कंबर गेली. पेशंट उचलताना. कट्ट वाजलं ते मी ऐकलं… हो ना. आणि साहेब म्हणाले, ह्याला घरी बसवा. का, तर "उचलायचं मशीन घेऊन दिलंय, ते वापरत नाही आणि वर कमरेचं नाटक करतो"… हो, "नाटक" म्हणाले. भर मीटिंगमध्ये. पैलवान समोर बसलेला, कमरेला पट्टा बांधून.

आता ते मशीन म्हणजे… आम्ही त्याला बगळा म्हणायचो. उंच मान, पुढे चोच. चोचीला कापडी झोळी अडकवायची, झोळीत पेशंट, बटण दाबलं की वर… हां, तुमच्याकडे आहे तसंच. पण आमचा बगळा कायम स्टोअरमध्ये. त्याच्यावर ओले गाऊन वाळत. कारण त्याचे पाय आमच्या पलंगाखाली पुरते जायचेच नाहीत. खाली आडवी दांडी. पलंग एकाने आणले, मशीन दुसऱ्याने आणलं, आणि मधे आमच्या कमरा… हसतेस काय!

आणि आपली युनियन काही कमी शहाणी नव्हती. फतवा काढला, बगळ्याला कोणी शिवायचं नाही, माणसं भरा. झालं! ते म्हणतात वापरा, आम्ही म्हणतो शिवणार नाही. दांडी बघायला वेळ कुणाला?

…अगं येतो मुद्द्यावर, सोलतोय ना मटार, हात थांबला की तुझी आई बघते.

तेव्हा सेक्रेटरी होती आक्का… तीच, बाळंतपणाच्या वॉर्डातली, जाड चष्म्याची. ती आली की डॉक्टरसुद्धा पाय न वाजवता चालायचे. तर ती उठली आणि म्हणाली, "साहेब, भांडण नंतर. आधी तुम्ही पेशंट व्हा"… शप्पथ! आणि साहेब… इथे मी त्या माणसाला मानलं. कोट काढला, खुर्चीला अडकवला आणि म्हणाले, "चला." दुसरा कोणी असता तर शिपायाला झोपवला असता पोरी.

साहेब म्हणजे आडवं कपाट. सगळे वॉर्डात आलो, ते निजले पलंगावर. झोळी घातली. बगळा आणला, त्याचे पाय अर्धेच आत गेले. आक्काने बटण दाबलं. साहेब वर गेले… आणि गेले ते तिरके! डोकं खाली, पाय वर, टाय तोंडावर. एक बूट निसटून पलंगाखाली. आणि बगळा बसला दांडीत अडकून. ना पुढे, ना मागे… बटण? दाबलं की. नुसतं घर्रर्र. इतकी वर्षं गाऊन वाळवलेत त्याच्यावर, तो काय आज ऐकतोय!

सगळा वॉर्ड हसतोय. पेशंट टाके धरून हसतायत. आणि आमच्या एक्सरेवाल्याने फोन काढला… हां! आता कळलं कुठे चाललोय ते?… गप्प बस आणि ऐक. त्याने फोन काढला, नेम धरला. आक्काने मानसुद्धा वळवली नाही. म्हणाली, "फोन आत"… म्हणजे काय, गेलाच आत! म्हणाली, "आत्ता हा माणूस पेशंट आहे. आपल्या झोळीतल्या माणसाचा फोटो काढायचा नसतो."

मग हातानेच उतरवायचं. नियम तुला माहीत आहे, डोक्याशी उभा असेल तो आकडा म्हणणार. बाकी मग सर्जन असो नाहीतर झाडूवाला, त्याच्या आकड्यावर उचलायचं. आक्का डोक्याशी, मी पाठीखाली. आणि ऑफिसातला हिशेबवाला, आमचे पगार कापायचा तो, तोही बाह्या सरसावून पायाशी! आक्का म्हणाली, "एक… दोन… साहेब, श्वास सोडा… तीन." अलगद. पिसासारखं नाही म्हणत मी, पण अलगद.

ऐकतेस ना?… तर साहेब पलंगावर बसले. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. पैलवान तिथेच उभा. त्याला जन्माची सवय, पेशंटची वस्तू पडली की उचलायची. तो बुटासाठी वाकायला लागला. आणि साहेब केवढ्याने ओरडले, "अरे वाकू नकोस! कंबर!"…

हो. त्याच तोंडाने. मघाशी नाटक, आता कंबर.

…नाही, कोणी हसलं नाही. आक्का तेव्हा काहीही बोलू शकली असती. मी असतो तर सोडला नसता त्याला. पण ती काय म्हणाली माहितेय? "साहेब, चूक आमचीही. हात लावू नका म्हणून आम्हीच सांगितलं. दांडी आडवी येते हे येऊन बोलायला हवं होतं." साहेब म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." बस्स. आणि मग बूट स्वतः शोधला. पलंगाखाली रांगत!

पुढे काय, वर्कशॉपवाल्याने पलंगाखाली ठोकळे लावून दांडी वर घेतली. बगळा चालू. नवीन काहीही घ्यायचं तर निम्मे त्यांचे, निम्मे आमचे बसणार, वापरून बघणार, मगच सही. आणि पेशंट म्हणून पहिले झोपणार साहेब, हा त्यांनीच हट्ट धरला… पैलवान? राहिला की! नव्या पोरांना उचलायला शिकवायचा. कमरेचं काम गेलं, तोंडाचं मिळालं. ते त्याला आधीपासूनच जास्त जमायचं.

भांडणं?… झाली तर! पगारावरून तर कडाकडा. पण एकमेकांसमोर बसून… अगं हो, तुमचा मॅनेजर आमच्या साहेबासारखा नसेल. मान्य. आमचाही त्या दिवसापर्यंत नव्हता!

…व्हिडिओ पुस म्हणत नाही मी. ठेव. पण एकदा तो गावभर फिरला ना, की मग तो माणूस मावशीचं ऐकायला येणार नाही, स्वतःची अब्रू झाकायला येईल. आणि त्यात मावशी जाईल. त्याची जिरवल्याचं समाधान तुला, नोकरी जाईल तिची… अगं रडू नकोस. राग खरा आहे तुझा. मला नाही का आला?

…आणि नाहीच आला तो ऐकायला तर? तर मग पाठव. मला शिकव कसं पाठवायचं ते, मी पण पाठवतो. आई पण पाठवेल… बघ, मान हलवतेय.

पण त्याच्या आधी माझं एक काम कर. उद्या मीटिंगच्या खोलीत बसू नकोस. त्याला म्हण, "दहा मिनिटं वॉर्डात चला." मावशी पेशंट उचलायची त्या पलंगापाशी ने, पट्टा बांधलेली मावशी दाखव, आणि म्हण, "साहेब, हा पेशंट उचलायचाय, तुम्ही पायाशी या." डोक्याशी तू उभी राहा. आकडा तू म्हण… करशील एवढं?… करशील ना पोरी?