दोरीवरचा चिमटा

मंडळी, एक विचारतो. आपण धडपडतो ते लेकरू शिकावं म्हणून, की लेकरू शिकलेलं दिसावं म्हणून? लगेच माना डोलवू नका, आधी ऐका!

एका गावात विसपुते गुरुजी होते. त्यांनी वर्गात भिंतीवर दोरी बांधली, दोरीखाली गणिताची चाळीस कार्डं ओळीनं लावली आणि दोरीवर प्रत्येक पोराच्या नावाचा एक चिमटा — हो हो, आपला कपडे वाळत घालायचा! पोरानं आपलं आपण कार्ड सोडवायचं आणि आलं की स्वतःच्या हातानं चिमटा पुढं सरकवायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नियम कुणाचा? गुरुजींचाच!

सगळ्यांचे चिमटे पळत होते, पण तिसरीतल्या तेजलचा अकराव्या कार्डावर अडला. भागाकार! पोरगी चिंचोके वाटायची, वाटणी मोडायची, पुन्हा वाटायची. आठ दिवस हेच. गुरुजींचा जीव खालीवर.

अशात निरोप आला — उद्या केंद्रप्रमुख येणार. ते मागेच बजावून गेले होते, "कुणी मागं दिसलं तर हे खूळ बंद. सगळ्यांना एकच धडा." सकाळी शाळेत चिटपाखरू नसताना गुरुजींनी तेजलचा चिमटा उचलला आणि लावला — थेट विसावर! हसताय काय? तुम्ही काय केलं असतं?

साहेब आले. बोट नेमकं विसाव्या कार्डावर. "तेजल कोण? ये, हे सोडव."

तेजल उठली. टाचा उंचावून चिमटा काढला नि अकरावर लावला. "साहेब, मी इथं आहे. आल्याशिवाय सरकवायचा नसतो."

साहेबांनी विचारलं, "मग अकरावं तरी येतं का?"

"थोडं राहिलंय. थांबता का?"

थांबता का! साहेबांना! पण साहेब खरंच बसले — सतरंजीवर, मांडी घालून. सतरा चिंचोके, पाच वाट्या. तीन-तीन पडले, दोन उरले. रोज इथंच ती वाटणी मोडायची. आज हातात ते दोन घेऊन बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "हे चुकलेले नाहीत. हे नुसते उरलेत."

उठली, चिमटा बारावर लावला. गुरुजींचे डोळे भरून आले. म्हणाले, "साहेब, चिमटा मी सरकवला होता."

"कळलं मला," साहेब म्हणाले. "नियम तुम्ही केलात, पाळला तिनं. चालू ठेवा."

मंडळी, आता खरं सांगा. पाहुण्यांपुढं आपण आपल्या लेकराचा चिमटा कितव्या कार्डावर नेतो? आणि लेकरांचं राहू द्या. इथं कीर्तनात डोळे मिटून डोलणाऱ्या आपणा सगळ्यांचा चिमटा कुठं आहे? माझा विचाराल, तर मी अजून चिंचोकेच वाटतोय. पण घाबरू नका. तो विटेवर उभा आहे ना, त्याला विचारून बघा — "थोडं राहिलंय देवा, थांबतोस का?" अहो, तो दुसरं करतोय काय!