निवांत वाजवून बघा

नाही हो, घाई कसली, बसा निवांत — स्टूल पुढे ओढा, पट्टा जरा आखूड करून देतो, हां, आता बरोबर बसली मांडीवर. आमच्या दुकानात 'घेणार का' असं गिऱ्हाइकाला कोणी विचारत नाही. दुसरीकडे जाऊन बघा, जुन्या वाद्याला हात लावू देत नाहीत, लावलाच तर पाठीशी उभे राहतात राखणीला. आपल्याकडे तसं नाही. स्पीकरला वायर लावलीये, चहा सांगू — नको? बरं. जाड तार उतरलीये, सुरात घेतो. जुनी असली तरी मान सरळ आहे बघा. आणि हा रंग उडालाय ना, तो अंगठा टेकून टेकून. धाकट्याचा अंगठा — माझ्या भावाचा.

हो, त्याचीच बेस गिटार. आहे की जिवंत, या फळीच्या पार्टिशनपलीकडे बसलाय, खुर्चीत. डावं अंग गेलं, वाचा गेली, उजवा हात तेवढा चालतो. बायको माहेरी गेली ती गेलीच. रोज मीच आणून बसवतो. लोक म्हणतात, भाऊ असावा तर असा. म्हणोत बापडे. त्याची एकच इच्छा राहिलीये — जो खरंच वाजवतो त्यालाच ही द्यायची. मग आमचं ठरलं: गिऱ्हाईक वाजवणार, तो आतून ऐकणार, हात पसंत पडला की फळीवर टकटक करणार, की मी दिली. अशी सर्व्हिस कुठे मिळते सांगा. वाजवा, वाजवा — आणि थांबू नका मधे. तुम्ही वाजवत राहिलात की आपलं बोलणं आत जात नाही. कान शाबूत आहेत त्याचे.

वा. हात चांगला आहे तुमचा. वडील असेच डोळे मिटून ऐकायचे त्याचं. याच्या हातात देवाने काहीतरी ठेवलंय म्हणायचे, आणि माझ्या हातात फडकं ठेवायचे — जा, काचा पूस. मलाही शिकायचं होतं, कोणी विचारलं? एकदा ही नुसती घेतली मांडीवर, तर याने चारचौघांत हसत हसत काढून घेतली — दादा, तू आपला विक रे, वाजवणं तुझं काम नाही. बरोबरच बोलला. विकतोच आहे की.

परवा एक मुलगी आली होती, कॉलेजची. काय वाजवलं पोरीने — आत टकटक सुरू, थांबेचना. तिला म्हटलं, सॉरी, ही आधीच गेलीये दुसऱ्याला. आणि त्याला जाऊन सांगितलं, आवडली नाही रे तिला, हे काय धूड म्हणाली, टाकून गेली. रडला. तोंड वाकडं असलं की रडणंही वाकडं दिसतं. पुसलं ना मी, फडकं असतंच हाताशी. जो कोणी बरा वाजवतो त्याला असाच वाटेला लावतो, काय बिघडतं — तुम्हालाही लावणार आहे, राग मानू नका. ही हॉटेलवाल्याला द्यायचीये. भिंतीवर टांगायला हवीये त्याला, तारा काढूनच द्या म्हणाला, उगाच कोणी छेडायला नको. उद्घाटनाला धाकट्याला नेणार आहे मी, त्या भिंतीसमोरच बसवणार, चांगली जागा बघून —

तुम्ही थांबलात कधी?

नाही, केव्हापासून हात असा तारांवर ठेवून बसलात? वाजवत राहा म्हटलं होतं ना मी. एवढं साधं — हां, ही त्याचीच टकटक. नाही, टकटक अशी नसते. मूठ आपटतोय. आपटू दे, फळी जाड आहे, हात दुखला की थांबेल. सोडा तो पडदा, आतला भाग गिऱ्हाइकांसाठी नाही. बसा. वाजवा ना जरा — काहीही वाजवा, मोठ्याने, आवाजाचं हे बटण पूर्ण फिरवतो मी.

थांबला बघा.

एवढ्यात थांबत नाही तो कधी. — द्या ती इकडे. दुकान बंद झालंय. या तुम्ही.